मौनाला दंड नाही

ज्याला इंग्रजी येत नाही त्याने क्लास लावला, तर त्यात नवल काही नाही. नवल वाटतं ते येत असूनही लावणाऱ्याचं. वाशीमला पाटणी चौकातून कुठंही निघा, स्पोकन इंग्लिशचा एखादा फलक लागतोच, आणि त्यावर 'बेसिक'च्या खाली 'अ‍ॅडव्हान्स' अशी ओळ असते. या दुसऱ्या ओळीतली मंडळी पदवीधर असतात, स्पर्धा परीक्षेचे उतारे चुटकीसरशी सोडवतात, सगळे टेन्स त्यांना तोंडपाठ असतात. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतर शाळेत गेलेल्याच्या वाट्याला बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी आलेलं असतं. तरी पहिल्या दिवशी सरांपुढे तक्रार एकच : "सर, येते सगळं, पन तोंडातून निंघत नाही."

हे दुखणं आपल्याच मातीचं आहे, असं समजून कोणी खंतावू नये. भाषा कोणाला किती येते हे मोजायला युरोप परिषदेने २००१ साली सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी जाहीर केली : ए-वनपासून सी-टूपर्यंत. त्यातल्या बी-टू आणि सी-वन या पायऱ्यांवर इटलीतलीही पुष्कळ माणसं वह्या घेऊन बसलेली असतात. इटालियन आणि आपण, दोघांनाही लिहिलं तसं वाचायची सवय. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग दोघांनाही सारखंच तोंडघशी पाडतं. फरक आहे तो 'द'चा. इटालियन भाषेत आर्टिकलांची रेलचेल, म्हणून तो माणूस इंग्रजी बोलतानाही जीवन, प्रेम, निसर्ग, सगळ्यांना 'द' लावून मोकळा होतो. मराठीत हा प्रकारच नाही, म्हणून आपण हवा तिथलाही गिळतो. रोमच्या वर्गात जास्त झालेले 'द' पोत्यात भरून वाशीमला पाठवले, तर दोन्हीकडचे मास्तर सुखी होतील.

आता वर्गातला डबा पाहा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला पैसे टाकण्यापुरती चीर. नियम असा की वर्गात मराठी शब्द निघाला की पाच रुपये. बेसिकच्या बॅचला हा डबा दणादण वाजतो. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ तर वाक्याच्या आधीच दहाची नोट टाकून ठेवतात आणि मग सोयाबीनचा भाव, पावसाने दिलेला दगा, जावयाची बदली असं सगळं इंग्रजीतून सांगतात. क्रियापद एकीकडे, कर्ता दुसरीकडे; मधेच "मंग काय, सर" येतं, ते आगाऊ भरलेल्या नोटेत वळतं होतं. पण जावयाची बदली कुठं झाली आणि मुलगी का रुसली, हे अख्ख्या वर्गाला कळतं.

अ‍ॅडव्हान्सच्या बॅचला डबा वाजत नाही. ग्रुप डिस्कशनला विषय दिला जातो, 'मोबाइल : शाप की वरदान'. सगळे एकमेकांकडे पाहतात. एक जण घसा खाकरतो. आता बोलेल असं वाटतं, तर तो पाणी पितो. मराठीला दंड आहे, मौनाला नाही, हे कलम हुशार विद्यार्थ्यांच्या फार लवकर ध्यानात येतं. शनिवारी दोन्ही बॅचना चहा मिळतो तो बेसिकवाल्यांच्या दंडातून. अज्ञान्यांनी कमवायचं आणि ज्ञान्यांनी फुरके मारायचे!

ज्ञान्यांची अडचण खोटी नसते. त्यांच्या मनात तयार झालेलं वाक्य तहसील कचेरीतल्या फायलीसारखं टेबलाटेबलावरून फिरतं. 'हॅव' की 'हॅड', 'इन' की 'अ‍ॅट', सगळ्यांच्या सह्या होईस्तोवर विषय बदललेला असतो. बेसिकवाल्याला आपली चूक दिसतच नाही, म्हणून तो पुढे जातो. यांना ती बोलायच्या आधीच दिसते. त्यात वरच्या वर्गाचं इंग्रजी फार आडवळणाचं. खिडकी उघडायला सांगायची तर आधी समोरच्याला त्रास तर होणार नाही ना, याची चौकशी करायची. वऱ्हाडी माणूस "उघड ना बे खिडकी" म्हणतो, खिडकी उघडते आणि मैत्रीही टिकते.

हे सगळं ज्या गावात चालतं, त्या गावाची भाषा एकेकाळी दुसऱ्यांनी गिरवलेली आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इथल्या सर्वसेन राजाने संस्कृत सोडून प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचलं. आज त्याची पोथी मिळत नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतली. या गावावरून एका काव्यशैलीला 'वच्छोमी' हे नाव पडलं. राजाने पंडितांची भाषा टाळून लोकांच्या बोलीजवळची भाषा धरली, तरी गावाची अब्रू गेली नाही. उलट नाव झालं.

म्हणून युरोपच्या त्या मोजपट्टीत सी-टूच्या वर आणखी एक पायरी हवी, असं माझं मत आहे. आपण चुकतोय हे कळत असतानाही वाक्य शेवटाला नेणाऱ्या माणसासाठी ती राखून ठेवावी. अ‍ॅडव्हान्सवाल्यांना तिथवर चढायला वेळ लागेल. तोवर मौनालाही पाच रुपये दंड लावावा. शनिवारच्या चहासोबत कचोरीचीही सोय होईल.