शिस्तीचे अप्पा

पिल्लू घरी आणायला अप्पांचा कडाडून विरोध होता. नातवंडांपुढे तो टिकला नाही. दोन महिन्यांचा ब्रूनो उंबऱ्याच्या आत आला आणि अप्पांनी जाहीर केलं, "आणलाय ना? आता त्याला शिस्त मी लावणार." असे अप्पा प्रत्येक सोसायटीत एखादे तरी असतातच. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन जमाना झालेला, पण परिपत्रक काढायची खोड गेलेली नसते.

पहिलं परिपत्रक फ्रिजवर लागलं : 'एका कृतीला एकच शब्द.' कारण काकू म्हणायच्या "बस रे सोन्या", सूनबाई "सिट", नातू "डाउन", आणि ब्रूनो तिघांकडे बघून नुसती शेपटी हलवायचा. अप्पांनी "बस" मंजूर केला. चिमटीत चीजचा नखाएवढा तुकडा धरायचा, पिल्लाच्या नाकासमोरून हळूच डोक्यामागे न्यायचा. मान वर गेली की बूड आपसूक खाली टेकतं. टेकलं रे टेकलं की "शाब्बास!" आणि तुकडा तोंडात. "एकदोन सेकंदांच्या आत," अप्पा बजावतात. "उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं तेच त्याला कळत नाही." नातवंडांना चीज मोजून देणाऱ्या या माणसाच्या सदऱ्याच्या खिशाला हल्ली चीजचा वास येतो.

हा "शाब्बास" मात्र आम्हाला नवा होता. मुलाला दहावीला ८८ टक्के मिळाले तेव्हा अप्पांनी "बाकीचे बारा कुठे सांडले?" एवढंच विचारलं होतं. काकूंच्या स्वयंपाकाला त्यांच्याकडून मिळणारी सर्वोच्च पदवी म्हणजे "ठीक". आणि आता पहाटे माकडटोपी घालून हेच गृहस्थ, पिल्लाने झाडाखाली शू केली म्हणून, टाळ्या वाजवतात. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच खाली न्यायचं, हे लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकावं लागतं. घरात लादीवर झालंच तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर मुळीच नाही. निमूट पुसून घ्यायचं. पुसतात काकू.

पाहुण्यांचे हाल वेगळे. ब्रूनो अंगावर उडी मारतो. त्याला ढकललं किंवा "अरे अरे" केलं तर त्याला तोही खेळच वाटतो, म्हणून पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीला लागले की मगच लाड करायचे. नियम चोख आहे. पण लग्नाची पत्रिका द्यायला आलेलं जोडपं त्यापायी भिंतीकडे तोंड करून उभं होतं आणि अप्पा मागून सूचना देत होते, "बघू नका त्याच्याकडे! बोलू नका! हां, आता बघा."

कोल्हापुरीचा अंगठा चावून टाकला तेव्हा काकूंना वाटलं, आता मूळ अप्पा दिसणार. "चार महिन्यांचा झाला. दुधाचे दात पडायला लागलेत, हिरड्या शिवशिवतात," अप्पा म्हणाले. "चप्पल वर ठेवायला नको होती का आपण?" मुलाने लहानपणी कंपासपेटी हरवली होती तेव्हा हाच आवाज शेजारच्या वाड्यात ऐकू गेला होता.

या सगळ्यामागे कॅरन प्रायर या अमेरिकन बाईंचं 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक आहे. बाई मुळात डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनवर डोळे वटारून उपयोग नसतो, तो सरळ पोहत निघून जातो. म्हणून बरं वागलं की मासा, हा हिशेब. अप्पा त्यातले उतारे जेवताना वाचून दाखवतात. मुलाने एकदा पुस्तक हातात घेतलं, पहिली पानं उलटली आणि म्हणाला, "पहिली आवृत्ती १९८४. तेव्हा मी दुसरीत होतो, अप्पा." अप्पांनी चष्मा पुसला आणि ब्रूनोला फिरायला नेलं.

परवा मात्र जेवताना अप्पा आपण होऊन म्हणाले, "आमटी छान झालीय." काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

तेव्हा तुमच्या घरी असे अप्पा असतील तर पिल्लू अवश्य आणा. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका आणि रेबीजची लस चुकवू नका. अप्पांकडे यायचं झालं तर बेल वाजवून दाराकडे पाठ करून उभे राहा.