अर्थिंगवाले मामा

लग्नाची पत्रिका आली की लोक मुहूर्त बघतात, मामा विचारतात, "मांडववाला कोण?" वीज मंडळातून निवृत्त झालेला असा एक मामा नांदेडच्या इतवाऱ्यात असतो, तसाच लातूरच्या गंजगोलाईमागंही. माळवदाच्या एखाद्या जुन्या वाड्यात कार्य असलं की नवरदेवाच्या आधी हे हजर. खिशात टेस्टर, पिशवीत होल्डरला लावलेला शंभरचा बल्ब. लाकडी खांबाला सुतळीनं बांधलेलं पत्र्याचं बोर्ड दिसलं की पहिला प्रश्न : "अर्थिंग कुठंय?"

मांडववाल्याचं पोरगं भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटकडं बोट दाखवतं. वाड्यात लाकडी पट्टीवरून वायरी आलेल्या दोनच. वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. "बाबा, हे भोक हाय, अर्थिंग न्हाई." न्यूट्रलच बॉडीला जोडू का, असं कुणी म्हणालं तर मामांचा आवाज चढतो. "अन् न्यूट्रल तुटली तर? अख्खा पत्रा जिवंत होतोय!"

मग कूलर, मांडवाचे लोखंडी पाइप, अंगणातला नळ, सगळं हिरव्या वायरीनं एकमेकांना बांधायला लावतात. "एक हात कूलरवर, दुसरा नळावर. मधी कोण? तुम्ही!" तोवर हातातला चहा गार झालेला असतो.

अर्थिंगचा खड्डा हा त्यांचा जीव की प्राण. प्लेट, कोळसा, मीठ, आणि वरून पाणी. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. "समजा रोध आला १० ओहम. २३० व्होल्टला किती करंट? २३ अँपिअर. तुमचा फ्यूज ३२ चा. फ्यूज हलत न्हाई, माणूस हलतोय." २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हाही भांडी विसळलेलं पाणी मामा खड्ड्यालाच घालायचे. तुळस वाळली, खड्डा ओला. मामी म्हणायच्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् हे जमिनीला पाजायलेत."

फ्यूजचा भरवसा नाही, म्हणूनच करंट गळला की वीज तोडणाऱ्या ३० मिलीअँपिअरच्या ईएलसीबीशिवाय मामा मांडवातून हलत नाहीत. मांडववाले तिच्यावर जाम वैतागलेले. जरा कुठं करंट गळला की अंधार, म्हणून मामांची पाठ वळली की तिला वगळून वायर जोडतात. मामा जेवणाआधी पुन्हा एक फेरी मारतात, ते उगाच नाही.

परवाच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि कुठल्याशा ओल्या कूलरनं घात केला. बत्ती गुल. माइक बंद, पंखे बंद, सगळा मांडव ओरडायला लागला. मामा तेवढे खुशीत उठले आणि "पडली! पडली!" करत बोर्डाकडं पळाले. मागून नवरीचे वडील घाबरून विचारायलेत, "अहो, कोण पडली?"