धपधप कशी करावी : एक बरुआसागरी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका संपूर्ण नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी काल रात्री लॅपटॉपवर संगीताचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले, आज सकाळी स्वतःच्या नावापुढे 'डीजे' लावले आणि दुपारच्या जेवणापर्यंत ज्यांना 'माझा ढोल दमदार का वाजत नाही?' हा प्रश्न पडला, अशांसाठी. त्यांना हवा असलेला आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे : ठोका पडतो, सगळे गाणे क्षणभर खाली बसते आणि पुढच्या ठोक्याआधी फुगून वर येते. याला धंद्यात 'पंपिंग' म्हणतात. ते कंप्रेसरने करतात. कसे करतात ते पुढे क्रमवार दिले आहे. क्रम मोडल्यास मार्गदर्शक जबाबदार नाही.

स्थळ

शक्यतो बरुआसागर निवडावे. झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागले की सुमारे २४ किलोमीटरवर हे गाव आहे. ओरछाचे राजे उदितसिंह यांनी बांध घालून केलेला मोठा तलाव, एक किल्ला, प्रतिहारांच्या काळातला जराई का मठ आणि बाजारात आले, एवढी सोय इथे आहे. मराठी वाचकाने परकेपणा मानू नये. १७४४ साली पेशव्यांची फौज इथेच बुंदेल्यांशी लढली होती. त्या फौजेच्या नगाऱ्यांना कंप्रेसर लागला नाही, कारण तेव्हा समोरच्याला नगारा ऐकू आला नाही तर त्याचेच नुकसान होत असे. आजचा श्रोता ऐकले नाही तरी सुखरूप घरी जातो. म्हणून यंत्रे लागतात.

स्थळाची निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे. गीतकार इंदीवर, म्हणजे श्यामलाल बाबू राय, याच गावचे. जन्म १९२४. 'सरस्वतीचंद्र'साठी संथ, संस्कृत वळणाची गाणी लिहिणाऱ्या याच माणसाने १९८० साली फिरोज खान यांच्या 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' लिहिले. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे, पण हे एक गाणे बंगळूरहून लंडनला जाऊन नाव काढलेल्या बिद्दू यांचे. गायली नाझिया हसन, किशोरवयातली शाळकरी मुलगी. तिला त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळाले आणि डिस्कोचा 'धप-धप-धप-धप' आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत शिरला तो अजून बाहेर आलेला नाही. त्या गाण्यात आजचे पंपिंग शोधत बसू नका, तो जमाना पुढचा. मात्र इलेक्ट्रॉनिक ठोक्याशी बरुआसागरचे नाते आहे ते शब्दांच्या बाजूने, हे ध्यानात असू द्या. सातव्या पायरीवर त्याचे काम पडेल.

साहित्य

एक लॅपटॉप. कान झाकणारा एक हेडफोन. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर किकचा, म्हणजे मुख्य ठोका देणाऱ्या मोठ्या ढोलाचा, ५०-६० हर्ट्झचा तळ वाजतच नाही, त्यामुळे त्यावर काम केल्यास तुम्ही तळ वाढवत राहाल आणि ज्या दिवशी ते गाणे मांडवातल्या डीजेवर वाजेल त्या दिवशी मांडव उतरेल.

सॉफ्टवेअर कोणतेही. रीपर साठ दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्यात रीआकॉम्प नावाचा कंप्रेसर मुळातच असतो. इतके पुरते. परंतु परंपरा अशी आहे की नवशिक्याने पहिले सहा महिने कंप्रेसर विकत घेण्यात घालवावेत. एक जुन्या दिव्यांच्या चित्राचा, एक निळ्या बटणांचा, एक 'ऊबदार' आणि एक दिवाळीच्या सवलतीत मिळाला म्हणून. परंपरा मोडायची असेल तर दोन गोष्टी आठवा. पंपिंगसाठी जगभर नाव झालेल्या डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा लाडका कंप्रेसर अलेसिस ३६३० होता, आणि त्याची गणना स्वस्त मालात होत असे. आणि १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीआर-८०८ या ठोकेयंत्रावर दहा राग डिस्कोच्या तालात बसवून तबकडी काढली, तेव्हा विकत घ्यायला एकही प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे असले यंत्र, अस्तित्वात नव्हते. त्यांना नाइलाजाने संगीत करावे लागले.

सिद्धान्त, झोप न येईल इतपत

कंप्रेसर हे आवाज मोठा करणारे यंत्र आहे, असा समज आहे. ते आवाज लहान करणारे यंत्र आहे. तुम्ही एक उंबरठा ठरवता, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज त्याच्या वर गेला की यंत्र तो दाबते. किती दाबायचा ते रेशो ठरवतो, किती चपळाईने दाबायचा ते अटॅक, आणि दाबलेला हात किती वेळात उचलायचा ते रिलीज. शेवटी मेकअप गेन नावाची कळ सगळेच वर उचलते, आणि तिच्यामुळेच सुरुवातीला सांगितलेला गैरसमज जन्माला येतो.

हिशेब एकदा करून पाहा. थ्रेशोल्ड उणे २० डीबी, रेशो चारास एक, आणि किकचे शिखर उणे ६ डीबी. किक उंबरठ्याच्या १४ डीबी वर गेली. चारास एक म्हणजे त्या १४ पैकी साडेतीनच बाहेर पडतात. साडेदहा डीबी यंत्राने गिळले. आता मुख्य गोष्ट. त्याच क्षणी किकबरोबर जे जे काही त्या यंत्रातून जात असेल, झांज असो की सुरावट, तेही साडेदहा डीबीने खाली जाते. त्याचा काहीही गुन्हा नसताना. लग्नात नवरदेवाचे मामा मांडवात शिरले की पहिली रांग उठते आणि मामा पुढे सरकले की बसते, तसाच हा प्रकार आहे. मामांची उंची वाढलेली नसते. ठोक्याचा दम ठोक्यात नसून इतरांच्या माघारीत असतो, एवढा एकच सिद्धान्त पाठ केला तरी पुरे.

जुने ध्वनिमुद्रक या पंपिंगला दोष मानत. रेडिओच्या काळात कंप्रेसर लावायचा तो ट्रान्समीटरला झेपेल इतपत आवाज बांधून ठेवायला, आणि त्याचे काम कुणाला ऐकू येऊ नये अशा बेताने. ऐकू आले की मुद्रकाची अब्रू जायची. मग १९९०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच हाऊस या नृत्यसंगीताचे लोक आले, १९९८ मध्ये स्टारडस्टचे एक गाणे गाजले, २००४ मध्ये स्वीडनच्या एरिक प्रिड्झने 'कॉल ऑन मी'मध्ये अख्खे गाणेच उठाबशा काढायला लावले. दोष एकदा झाला तर चूक, दर ठोक्याला झाला तर शैली. नवशिक्याला याहून मोठा दिलासा कोणत्याही कलेत मिळणार नाही.

कृती

पायरी पहिली. गती १२५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२५ ठोके, ठेवा आणि चारही मात्रांवर किक टाका. इथे पुष्कळजण थांबतात आणि मित्रांना पाठवतात. थांबू नका.

पायरी दुसरी. मधली जागा भरा. उघडी हाय-हॅट, खुळखुळा, लांबलेला सिंथचा पॅड, जे सलग वाजत राहील असे काहीही. नुसत्या किकवर कंप्रेसर लावून पंपिंगची वाट पाहणारे साधक आहेत. त्यांची किक उलट दुबळी होते, कारण खाली जायला दुसरे कुणी नसल्यामुळे तीच जाते.

पायरी तिसरी. हे सगळे ड्रम एका बसवर आणा, म्हणजे सगळ्यांचे ट्रॅक एका सामाईक ट्रॅकमध्ये सोडा, आणि कंप्रेसर त्या सामाईक ट्रॅकवर लावा. किक त्यात सगळ्यांत मोठी असली पाहिजे, कारण यंत्राला हलवायचे काम तिचे आहे.

पायरी चौथी. रेशो चारास एकपासून सुरू करा, वाटल्यास आठास एकपर्यंत न्या. थ्रेशोल्ड खाली आणत जा. गेन रिडक्शनची सुई किंवा पट्टी दर किकला सहा ते दहा डीबी नाचू लागली की हात काढा. सुई सतत खालीच बसून राहिली तर थ्रेशोल्ड अति खाली गेला. मग पंपिंग होत नाही, सगळे गाणे उशीखाली वाजल्यासारखे येते.

पायरी पाचवी, अटॅक. एक मिलिसेकंदाच्या आसपास ठेवला तर किकचे टोक, तो 'टक्' म्हणणारा भाग, चिरडला जातो. १० ते ३० मिलिसेकंद दिले तर टोक निसटून पुढे जाते आणि मागचे दाबले जाते. ठोक्याला टोक हवे असेल तर दुसरे करा. नवशिके अटॅक हे नाव वाचून तो शून्यावर नेतात, त्यांना वाटते आक्रमण जितके लवकर तितके जोरदार. यंत्राचे आक्रमण तुमच्याच ठोक्यावर असते, हे नावावरून कळत नाही.

पायरी सहावी, रिलीज. सगळी जादू इथे आहे, म्हणून सगळे घाई इथेच करतात. ६०,००० ला बीपीएमने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२५ ला ४८०. यंत्राने या ४८० मध्ये खाली जाऊन पुन्हा वर यायचे आहे, आणि वर येणे पुढच्या किकच्या जरासे आधी पुरे व्हायला हवे. रिलीज फार तोकडा ठेवला तर आवाज झटक्यात परत येतो, झोका जाणवत नाही, तळात खरखर मात्र येते. फार लांब ठेवला तर बाकीचे परत येण्याआधीच पुढची किक त्यांच्या डोक्यावर बसते. साधारण १५० पासून सुरू करून हळूहळू वाढवा. निरनिराळ्या यंत्रांची रिलीजची मोजमापे सारखी नसतात, म्हणून आकडा ही सुरुवात समजा आणि डोके डोलू लागले की थांबा. मान डोलण्याचे हे काम अद्याप कोणत्याही प्लगिनने अंगावर घेतलेले नाही.

पायरी सातवी, साइडचेन. आता पॅड आणि बास यांनाही किकपुढे वाकवायचे आहे, पण किक स्वतः दबू द्यायची नाही. पॅडच्या ट्रॅकवर वेगळा कंप्रेसर लावा आणि त्याला सांगा की ऐकायचे किकचे, दाबायचे पॅडला. रीपरमध्ये किकचा ट्रॅक पॅडच्या तिसऱ्या-चौथ्या चॅनेलवर पाठवा आणि रीआकॉम्पमध्ये डिटेक्टरला ऑक्झिलिअरी इनपुट द्या. दाब द्यायचा हुकूम एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, ही व्यवस्था कुणाला समजावून सांगावी लागू नये.

इथे स्थळाचे महत्त्व येते. गाणाऱ्याचा ट्रॅक या साखळीत घालू नका. नवशिक्याला एकदा साइडचेन जमली की तो ती बासला लावतो, पॅडला लावतो, टाळीला लावतो, आणि उत्साहाच्या भरात आवाजालाही लावतो. मग प्रत्येक मात्रेवर एकेक अक्षर बुडते आणि गायिका विहिरीच्या काठावर उभी राहून आत-बाहेर डोकावते आहे असे ऐकू येते. बुंदेलखंडात राई नाचाला ढोलक आणि नगडिया वाजतात. चांगला साथीदार बोल आला की हात आपणच हलका करतो आणि बोल संपला की पुन्हा उचलतो. तुमच्या यंत्राला ही समज नाही, ती तुम्हाला पुरवावी लागेल. निदान गीतकाराच्या गावात बसून तरी शब्द बुडवू नयेत.

पायरी आठवी. मेकअप गेनने आवाज पूर्वीइतकाच करा, त्याहून जास्त नाही. मग कंप्रेसर बंद-चालू करून दोन्ही ऐका. माणसाला मोठा आवाज चांगला वाटतो, आणि प्लगिनचा धंदा याच एका दुर्बलतेवर चालतो. सारख्या आवाजात ऐकूनही कंप्रेसरवाले बरे वाटले तर ठेवा. न वाटल्यास काढा, आणि घालवलेला वेळ अभ्यासात जमा धरा.

नेहमीच्या शंका

सगळे बरोबर करूनही पंप होत नाही. कंप्रेसरच्या डिटेक्टरवर हाय-पास फिल्टर चालू असेल. यंत्राने तळाकडे दुर्लक्ष करावे, म्हणून तो असतो. सभ्य कामासाठी उत्तम. आपले काम सभ्य नाही. बंद करा.

पंपिंग छान झाले, पण झांजा फार अंगावर येतात. कंप्रेसरने दाबलेल्या प्रतीबरोबर न दाबलेली मूळ प्रतही थोडी मिसळा. याला पॅरलल कंप्रेशन म्हणतात. नाव सांगितले की पाहुण्यांवर छाप पडते.

मास्टरवरच एकदम कंप्रेसर लावला तर? सात पायऱ्या वाचतील. गाणे वाचणार नाही.

शेजारी तक्रार करतात. त्यांचे बरोबर आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. त्या डेसिबलला ना थ्रेशोल्ड बदलता येतो, ना रेशो. पंपिंगची परीक्षा तशीही कमी आवाजातच होते : हळू लावूनही मान डोलली तर जमले, भिंत हादरल्यावरच डोलली तर ते काम ॲम्प्लिफायरचे होते. दहा वाजता हेडफोन लावा.