दार नसलेली गाडी

पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून रस्ता सोडतात. आमच्याकडे रस्ताच माणसाला सोडून जातो, तोही फुकट. घोडेगावहून शिंगणापूरच्या देवळापर्यंत येणारा डांबरी रस्ता देवाचा, म्हणून तो धड आहे. तिथून आमच्या वस्तीवर येणारी पाणंद मात्र माणसांची. उन्हाळ्यात तिच्यात घोटाभर फुफाटा. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा राडा, की पाय वर येतो आणि चप्पल खालीच राहते. ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्या अशा चाकोऱ्या पाडतात, की त्यात करडू उभं राहिलं तर वरून नुसते कान दिसावेत. अशा पाणंदीवर हयात घालवलेल्या माणसाला त्याचा सख्खा भाचा ऐन दिवाळीत म्हणतो, "मामा, आपण ट्रेल रायडिंग सुरू करू."

"म्हणजे काय करायचं?"

"रस्ता नसेल तिथून गाडी घालायची. दगड, चिखल, ओढे."

"आणि आत्तापर्यंत आपण काय करत होतो?"

"आत्तापर्यंत आपण घरी येत होतो. आता मजा म्हणून करायचं."

भाचा पुण्यात मेकॅनिकलला आहे. इंदूरजवळ पिथमपूरला 'बाहा' नावाची स्पर्धा भरते. ती २००७ साली सुरू झाली. पोरांनी एका माणसाची, खडकाळ रानात पळणारी गाडी स्वतः बनवायची, इंजिन सगळ्यांना एकाच मापाचं, दहा हॉर्सपॉवरचं, आणि शेवटी सलग चार तासांची शर्यत. भाच्याच्या गाडीचं पुढचं चाक मध्येच सुटलं आणि गाडीच्या पुढे गेलं. त्या चाकाने शर्यत पुरी केली असती, असं तो अजून सांगतो. अशा अनुभवी माणसाला नाही म्हणणं अवघड असतं.

त्यात या गावात मामा-भाच्याच्या जोडीला इतिहास आहे. पानसनाल्याच्या पुरात वाहत आलेली शनिदेवाची शिळा गावकऱ्यांनी हलवून पाहिली, हलेना. मग देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, सख्ख्या मामा-भाच्यांनी हात लावला तरच उठेन. तशी जोडी आली आणि शिळा बैलगाडीत चढली, असं गावात सांगतात. म्हणजे चिखलातून, बिनरस्त्याने, जड वजन घेऊन निघालेली गावातली पहिली गाडी मामा-भाच्यांचीच. हा मुद्दा भाच्यानेच काढला. मेकॅनिकलच्या पोराला एवढं पुराण पाठ असेल असं मला वाटलं नव्हतं.

शिवाय देवाला तरी कुठे एका गाडीवर भागवता आलंय? पंचांग उघडा. शनीची वाहनं नऊ सांगितली आहेत: गाढव, घोडा, हत्ती, म्हैस, सिंह, कोल्हा, कावळा, मोर, हंस. चिखलाला म्हैस, डोंगराला घोडा, ओझ्याला गाढव, पाण्याला हंस. आम्हाला ही सगळी एकाच गाडीत हवी होती आणि तीही हप्त्यावर.

भाच्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकं, मोटरसायकलचं हँडल आणि टांग टाकून बसायची लांब सीट. काच नाही, टप नाही, डिकी नाही, दार नाही. दार नाही म्हटल्यावर मी सावरून बसलो. आमच्याकडे घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं आत येऊ नये म्हणून फार तर फळी आडवी टेकवतात. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली, तीही बिनकुलपाची. खुद्द देवाने छप्पर नाकारलेलं. पाच-साडेपाच फुटांची ती शिळा ऊनपावसात चौथऱ्यावर उघडी उभी आहे. ही गाडी जगात दुसरीकडे अर्धवट वाटत असेल. इथे ती जन्माने गावकरी.

बिनदाराचा एक धोकाही लगेच लक्षात आला. शिंगणापूरच्या वाटेवर लटकू असतात. बाहेरची गाडी दिसली की मोटरसायकलवरून तिला गाठायचं, लोंबकळायचं, आणि तेल-नारळ-रुईच्या माळेचं ताट गळ्यात मारूनच सोडायचं, हा त्यांचा धंदा. मोटारीला निदान काच वर करता येते. एटीव्हीवर लटकू सरळ मागच्या सीटवर येऊन बसेल आणि देवळापर्यंत निवांत भाव करत येईल.

त्या मागच्या सीटवरूनच घरात पहिला वाद झाला. भाच्याने सांगितलं, ही गाडी एका माणसाची.

"एवढी लांब सीट आणि एकच माणूस?" ही म्हणाली.

"मामी, चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे, वळणावर आतल्या अंगाला झुकायचं. त्यासाठी जागा लागते. मागे कोणी बसलं की तोल बिघडतो आणि गाडी उलटते."

डबलसीट चालत नाही अशी गाडी नगर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगणं अशक्य आहे. इथे एम-एटीवर नवरा, बायको, दोन पोरं, दुधाचे दोन कॅन आणि घासाचा भारा जातो, आणि वाटेत पाहुणा भेटला तर त्यालाही "बसा की" म्हणतात. हिने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी पायी यायचं?" या प्रश्नाला कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही.

दुसरा प्रश्न बिबट्याचा. नेवासा-राहुरी पट्ट्यात उसामुळे बिबट्याला बारमाही घर मिळालं आहे. रात्री पाण्याची पाळी धरायला जाणारा माणूस मोबाइलवर भजन मोठ्याने लावूनच जातो. "त्यापेक्षा रणगाडा घ्या," शेजारचे तात्या म्हणाले. तात्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि लष्कराच्या गाड्या पारखणारी व्हीआरडीई ही संस्थाही नगरलाच. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातला माणूस कोणत्याही गाडीकडे बघताना तिची मनातल्या मनात रणगाड्याशी तुलना करतो. रणगाड्याला दार वरच्या बाजूला असतं, हे ऐकून ही बराच वेळ गप्प होती.

भाच्याने मग इतिहास काढला. होंडाने १९७० साली अमेरिकेत असली गाडी आणली ती तीन चाकांची. ती इतकी उलटायची, की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी करार होऊन नवी तीनचाकी विकणंच बंद झालं. तोवर चार चाकांची आलेली होतीच. यात मला नवल वाटलं नाही. तीनचाकी वळणावर काय करते हे घोडेगावच्या बाजारातून माणसं कोंबलेल्या टमटममध्ये बसून आलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आता निवड. यांत दोन जाती. एक खेळातली: हलकी, बुटकी, फक्त मागची चाकं ओढणारी, उड्या मारायला बरी. दुसरी कामाची: चारही चाकांना ताकद, पुढे-मागे लोखंडी कॅरिअर, आणि गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी. पट्टा म्हटल्यावर मला पिठाच्या गिरणीचा आठवला आणि पाण्यात भिजला तर तो सुटेल का, असं मी विचारलं. भाचा चमकला. खरंच, ओढ्यात फार खोल घातली की पट्टा ओला होऊन घसरतो म्हणे. मेकॅनिकलच्या चार वर्षांत जे शिकवतात ते गिरणीच्या रांगेत उभं राहून कळतं, एवढंच मी म्हणालो.

कामाचीच घ्यायची हे ठरलं. मग किती सीसीची? दुकानातला माणूस साहजिकच मोठीकडे ढकलत होता. भाच्याचं म्हणणं, पहिल्या गाडीला तीनशे-चारशे पुष्कळ. मोठी गाडी सव्वातीन क्विंटल भरते, आणि ती उलटते तेव्हा आपण तिच्याखालीच असतो. क्विंटलमध्ये सांगितल्यावर मला पटकन समजलं. तीन पोती सोयाबीन अंगावर येतं तेव्हा सीसी कोण मोजतं?

चालवून बघायला आम्ही घाटमाथ्यावरच्या एका पर्यटनस्थळी गेलो. तिथे जुन्या टायरांनी आखलेल्या मातीच्या चकरीत पैसे घेऊन फेऱ्या मारू देतात. या गाडीला वेग देतात उजव्या अंगठ्याने. हँडलच्या खाली एक लहान पाती असते. मूठ पिळायची नाही, पाती दाबायची. गचका बसून माणूस मागे फेकला गेला तर मूठ आपोआप पिळली जाते. अंगठा मात्र सुटतो आणि गाडी मंदावते. युक्ती उत्तम आहे. पण फेऱ्या संपेपर्यंत माझा अंगठा असा आखडला, की संध्याकाळी तंबाखू मळता येईना. तात्यांनी आपल्या हातावर मळून दिली आणि म्हणाले, "शाळेत कधी नाही झालास, आता झालास अंगठेबहाद्दर."

चाकांची चौकशी करायला मी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. दुखणं गाडीचं असो की माणसाचं, फाट्यावर त्याचाच शब्द शेवटचा. त्याने चित्र पाहिलं, चाकं पाहिली, मान डोलावली.

"हवा किती लागती? तीस? बत्तीस?"

"पाच."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "पाच?"

"फार तर सहा-सात. चाक दगडावर बसलं पाहिजे, उसळलं नाही पाहिजे."

"मामा," तो शांतपणे म्हणाला, "पाच म्हणजे पंक्चरच की. लोक पाच हवा घेऊन माझ्याकडं येत्यात, मी त्यांच्याकडनं पैसे घेऊन तीस करून देतो. तुम्ही आठ लाख देऊन तीसची पाच करून घेणार."

ही मऊ चाकं आणि मागचा सलग आस, म्हणून असली गाडी डांबरी रस्त्यावर नीट वळत नाही. सरकारलाही ते माहीत आहे. परदेशातून येणाऱ्या बहुतेक एटीव्हींची आपल्याकडे नोंदणीच होत नाही. त्या आपल्या रानात नाहीतर बीचवर चालवायच्या. तालुक्यातल्या एका बँकेत मी कर्जाचं विचारलं, तर साहेबांनी गाडीचा नोंदणीचा कागद मागितला. नंबर नसतो म्हटल्यावर ते म्हणाले, मग बोजा चढवायचा कशावर? देवाला छप्पर नाही, घराला दार नाही, इथवर बँकेची तयारी होती. गाडीला नंबर नाही, हे मात्र त्यांना पेलवलं नाही.

वाट सापडली ती वेगळीच. पोलारिस कंपनीने स्पोर्ट्समन ५७० भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून मान्य करून घेतलेली आहे. बाजारात आली तेव्हा किंमत आठ लाखांच्या घरात होती, आणि ट्रॅक्टर म्हणून नंबर मिळत असल्याने ती रस्त्यावरही आणता येते. सव्वातीन क्विंटलचा मुद्दा भाच्याने त्या दिवसापासून काढला नाही. ट्रॅक्टर हा शब्द घरात पडताच वाराच फिरला. आत्तापर्यंत या विषयात लक्ष न घातलेले आमचे वडील, अण्णा, खाटेवर उठून बसले.

"नांगरट किती करतो?"

"अण्णा, हा नांगरायचा ट्रॅक्टर नाही."

"मग रोटर?"

"नाही."

"उसाची ट्रॉली?"

"छोटी ट्रॉली ओढतो."

"मग करतो काय?"

भाचा म्हणाला, "आजोबा, डोंगर चढतो." अण्णांनी खिडकीतून, म्हणजे आमच्याकडे भिंतीत जे भोक असतं त्यातून, बाहेर पाहिलं. मैलभर सपाट काळं रान आणि ऊस. "कोणता?" त्यांनी विचारलं.

डोंगर आहेत, नाहीत असं नाही. नगरच्या वाटेवर इमामपूरचा घाट आहे, वांबोरीचा घाट आहे, डोंगरगणच्या बाजूला गोरक्षनाथ गड आहे. पण बरीच टेकाडं वनखात्याची. तिथे विचारल्याशिवाय चाकं घालता येत नाहीत, आणि विचारायला गेलं तर कशाला, हा प्रश्न येतो. मजा म्हणून, हे उत्तर लेखी अर्जात फार बावळट दिसतं. शेवटी आमच्या मुक्कामी ट्रेल म्हणजे आमचीच पाणंद, तिथून कॅनॉलची भराव-वाट, मग पडीक माळ आणि परत. अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एवढं तर आपला बैल सोडला की तो एकटा करून येतो."

तरी ट्रॅक्टर म्हटल्यावर बँकेचे साहेब हसले. सात वर्षांची मुदत. ही लगेच म्हणाली, साडेसातीपेक्षा सहा महिन्यांनी कमी आहे, घ्या. रंगाचा घोळही उरकला. मला लष्करी हिरवा हवा होता, पण मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. नगरसारख्या छावणीच्या गावी त्या रंगात फिरलो असतो तर पहिल्या चौकात कोणीतरी सलाम ठोकला असता आणि दुसऱ्या चौकात कोणीतरी कागद मागितले असते.

परवा विक्रेत्याचा फोन आला. शनिवारी गाडी न्यायला आलात तर सूट देतो म्हणाला. कारण सरळ आहे. शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणतात, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्रात त्या दिवशी गाड्यांची दुकानं ओस. उलट आमच्या गावात लोखंडी नाला आणि तेल सगळ्यात जास्त खपतं ते शनिवारीच. मी "विचारून सांगतो" म्हणेपर्यंत हिने फोन माझ्या हातातून घेतला.

"दादा, आम्ही शिंगणापूरचे. लोक ज्याला भिऊन शनिवारी येत नाहीत, तो आमच्या शेजारीच राहतो. आम्हाला शनिवार चालतो. सूट किती ते बोला. आणि हेल्मेट दोन पाहिजेत."

"ताई, गाडी एका माणसाची आहे."

"माहीत आहे. दुसरं भाच्याला. तो मागून पळत येणार आहे."