दक्षिण अमेरिका : सर्व काही समाविष्ट

ग्रुप टूरच्या माहितीपत्रकात दोन याद्या असतात : समाविष्ट आणि असमाविष्ट. पहिली ठळक अक्षरांत, दुसरी चष्म्याचा नंबर वाढवणारी. दक्षिण अमेरिकेच्या टूरची पहिली यादी वाचली की वाटतं, आपल्याकडे आता फक्त श्वास घेण्याचं काम उरलं. विमान, बस, बोट, रेल्वे, हॉटेल, तिकिटं, टिप, रोज पाण्याची बाटली, मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रात्री भारतीय जेवण. सगळं त्यांनीच बघायचं.

मग कुस्को येतं आणि नेमकं श्वासाचंच जमत नाही.

पण आधी निघू तर द्या. पेरूला जायचं तर पेरूचा व्हिसा लागतोच असं नाही. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यांपैकी एकाचा पुरेशा मुदतीचा व्हिसा पासपोर्टवर असला की भागतं. थोडक्यात, गरिबाच्या घरी जायला श्रीमंताची चिठ्ठी. शिवाय पीतज्वराची लस. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, तीही सरकारमान्य केंद्रावरच. लस घेतल्याचं पिवळं कार्ड न घेता पीतज्वराच्या देशातून परत आलात, तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ते सहा दिवस माहितीपत्रकातल्या कुठल्याच यादीत नसतात.

आता कुस्को. इंका साम्राज्याची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी कुस्को वरच राहतं. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश; दर श्वासाला प्राणवायूही त्याच हिशेबानं. आणि कार्यक्रम काय? सकाळी समुद्रकाठच्या लिमात नाश्ता, तासा-सव्वातासाचं विमान, आणि 'दुपारी कुस्को शहरदर्शन'. ज्यानं हे लिहिलं तो तळमजल्यावरच्या एसी ऑफिसात बसला होता, यात शंका नाही. संध्याकाळी निम्मा ग्रुप हॉटेलच्या लॉबीत डोकं धरून कोकाच्या पानांचा चहा पीत बसतो. हे तेच झाड, ज्यापासून कोकेन काढतात. पेरू आणि बोलिव्हियात हा चहा राजरोस मिळतो. आयुष्यभर सुपारीचं खांडही न चघळलेले काका दुसरा कप मागतात आणि काकू बजावतात, "घरी सांगू नका." आठवण म्हणून दोन पुड्या बॅगेत टाकायचा मोह मात्र आवरा. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात मोडतं, आणि तो कायदा 'टूरमध्ये समाविष्ट होतं' हे कारण ऐकून घेत नाही.

गंमत पुढेच आहे. ज्यासाठी एवढा खटाटोप, ते माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, २,४३० मीटरवर. शहाणा माणूस कुस्कोच्या विमानतळावरून थेट खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरतो, तिथे दोन रात्री काढतो, माचू पिचू बघतो आणि अंगात ताकद आल्यावर कुस्कोला जातो. पण तसं करायचं तर तिसऱ्या दिवसाचं पान बदलावं लागेल. आणि पान तर छापून झालंय.

माचू पिचूचा 'शोध' हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकानं १९११ साली लावला, असं गाइड सांगतो. बिंगहॅम पोचला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, इंकांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात पिकं घेत होती. त्यांच्यातल्याच एका पोरानं साहेबांना सगळं हिंडवून दाखवलं. आगुस्तिन लिझारागा नावाच्या तिथल्याच माणसानं तर १९०२ सालीच एका भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं. पण भिंतीवर नाव लिहिणाऱ्याला इतिहास विचारत नाही; नाहीतर आपल्या प्रत्येक गडावर पन्नास शोधक निघाले असते. बिंगहॅमनं सापडलेल्या वस्तू येल विद्यापीठात नेल्या. त्या परत मिळवायला पेरूला २०११ साल उजाडलं.

आज माचू पिचूच्या तिकिटावर नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेशाची वेळ आणि ठरलेला मार्ग छापलेला असतो. मार्ग एकेरी. मागे वळून 'एक फोटो राहिला' म्हणायची सोय नाही. खाद्यपदार्थ आत न्यायचे नाहीत. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराबाहेर, आत एकही नाही. पाचशे वर्षांपूर्वी डोंगरात झऱ्याचं पाणी सोळा कारंज्यांमधून खेळवणाऱ्या इंकांबद्दल गाइड तळमळून सांगत असतो, आणि साठीच्या पुढची मंडळी कुठल्याच कारंज्याकडे बघायच्या मनःस्थितीत नसतात. अर्धं माचू पिचू अशा रीतीने झपाझप बघून होतं.

जेवणाकडे येऊ. टूर विकली जाते ती जेवणावर. माचू पिचू चुकलं तर चालेल, आमटी चुकता कामा नये. काही कंपन्या महाराजही सोबत नेतात. ग्रुपमध्ये एखादी तरी चतुर्थी निघतेच, आणि मग अँडीजच्या कुशीत साबुदाण्याची खिचडी शिजते. टाळ्या पडतात. "बघा, कुठे साबुदाणा आणि कुठे पेरू!"

आता या खिचडीची जन्मपत्रिका बघू. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तर खास अँडीजचा; टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. मिरचीचं कूळही अमेरिका खंडातलंच. उरलं काय? तूप, जिरं आणि पुण्य. पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आलेलं हे सामान आपण अडीच हजार रुपये जादा सामानाचे भरून परत त्याच्या माहेरी नेतो, आणि माहेरच्या लोकांना नाक मुरडून सांगतो, "आम्ही बाहेरचं खात नाही."

कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराचं 'शेवटचं भोजन' आहे, अठराव्या शतकातलं. येशू आणि त्याचे बारा शिष्य टेबलाभोवती बसलेत आणि मधल्या ताटात भाजलेला कुय आहे, असं तिथे सांगतात. कुय म्हणजे घरोघर पाळला जाणारा गिनीपिग, अँडीजमधली सणासुदीची मेजवानी. परदेशातून आलेल्या देवालाही तिथल्या माणसानं आपल्याकडचं वाढलं. आपण मात्र डबा घेऊन जातो. कॅथेड्रलमध्ये फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे ग्रुप दहा मिनिटांत बाहेर असतो.

शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते, ही अफवा आहे. किन्वाचं सूप, टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज, लाल भोपळ्याचं लोक्रो, आणि बटाटे, बटाटे, बटाटे. जांभळे, पिवळे, काळे, बोटाएवढे, आल्यासारखे वेडेवाकडे. लिमात १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि तिथे हजारो वाण जपून ठेवलेत. आपल्याला तीन माहीत असतात : नवा, जुना आणि वेफर्सचा.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात एक दृश्य हमखास दिसतं. फेल्ट हॅट घातलेली, पाठीला रंगीत कापडाची झोळी बांधलेली बाई पोत्यांमागे बसलेली असते. एका पोत्यात पांढरेशुभ्र, खडूसारखे हलके गोळे, दुसऱ्यात काळे आणि सुरकुतलेले. आपल्या काकू एक पांढरा गोळा उचलतात, नखानं खरवडतात, वास घेतात. "अगं, तुरटी आहे का ही?" तुरटी नव्हे, तो बटाटा आहे. अँडीजच्या पठारावर जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते गोठतात. दिवसा उन्हात सुटतात. मग बायाबापड्या अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि पुन्हा वाळवतात. काळा तो चुन्यो. वाहत्या पाण्यात बुडवून ठेवून मग वाळवलेला, पांढरा, तो मोराया. वर्षानुवर्षं टिकतो, इंकांची कोठारं यानंच भरलेली असायची. हे चक्क वाळवण आहे, फक्त उन्हाऐवजी हिमाचा जोर जास्त. गच्चीवर कुरडया घालण्यात हयात गेलेल्या काकूंना या बाईशी बोलायला स्पॅनिश लागली नसती, की तिथली केचुआ भाषाही लागली नसती. हातवाऱ्यांनी पाककृती इकडची तिकडे झाली असती. पण तेवढ्यात टूर मॅनेजर शिट्टी वाजवतो. "चला मंडळी, पाच मिनिटांत बस!" बस कुठे? अल्पाकाच्या शालींच्या दुकानात. तिथे मात्र दीड तास. तो समाविष्ट आहे.

तिकडून चिले. या देशाचं शेतीखातं विमानतळावर देव होऊन बसलंय. फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांबाबत ते कुणाचं ऐकत नाही. फॉर्मवर 'आहे' अशी खूण करून वस्तू दाखवली तर फार तर ती जाते; 'नाही' म्हणून सापडली तर जबर दंड. टूर मॅनेजर विमानातच हात जोडून सांगतो, तरी एका ताईंच्या पर्समध्ये विमानात मिळालेलं सफरचंद निघतंच. लाडवाच्या डब्यावर कुत्रा बसकण मारतो. "प्रसाद आहे" हे स्पॅनिशमध्ये कसं सांगायचं, यावर ग्रुपमध्ये दोन मतं पडतात.

चिलेतल्या पुएर्तो वारासहून अर्जेंटिनातल्या बारिलोचेला जाणारी वाट म्हणजे अँडीज ओलांडायची सर्वात देखणी तऱ्हा. बस, बोट, बस, बोट. बर्फाची टोपी घातलेला ओसोर्नो ज्वालामुखी, तोदोस लोस सांतोस सरोवराचं पाचूसारखं पाणी, मध्ये सरहद्द, मग नाउएल उआपी सरोवर. १९५२ साली तरुण चे गेवारा मित्राबरोबर याच बाजूनं अर्जेंटिनातून चिलेत उतरला. त्याला या प्रवासानं अस्वस्थ केलं. आपला ग्रुप यावेळी अंताक्षरी खेळत असतो. नाउएल उआपीवर समुद्रपक्षी बोटीच्या बाजूनं उडत येतात आणि वर धरलेल्या हातातलं बिस्किट टिपतात. त्या पाच मिनिटांत अंताक्षरी थांबते, हीच त्या पक्ष्यांची मोठी देशसेवा.

याच सरोवराकाठची सरकारकडून मिळालेली जमीन फ्रान्सिस्को मोरेनो या संशोधकानं १९०३ साली सरकारला परत केली. अट एवढीच, की निसर्ग आहे तसा राहू द्या. त्यातून १९३४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. गाइड हे सांगून संपवतो न संपवतो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न येतो : "इथे स्क्वेअर फुटाला काय भाव चाललाय?"

दक्षिण अमेरिकेचा सर्वात यशस्वी भारतीय प्रवासी मात्र असा, की ज्याचा कार्यक्रम पार कोलमडला. १९२४ साली रवींद्रनाथ टागोर पेरूला निघाले होते; तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीचं निमंत्रण होतं. बोटीवर तब्येत बिघडली, ब्युनोस आयर्सला उतरावं लागलं आणि डॉक्टरांनी पुढे जायला मनाई केली. लेखिका व्हिक्टोरिया ओकांपो यांनी जवळच्या सान इसिद्रोमध्ये, ला प्लाता नदीच्या काठी, त्यांची राहायची सोय केली. गुरुदेव जवळजवळ दोन महिने, बहुतेक वेळ एका घरात, एका खुर्चीत, एका नदीकडे बघत बसले. माचू पिचू नाही, टिटिकाका नाही, इग्वासूचा धबधबा नाही. पर्यटनाच्या भाषेत सपशेल फुकट गेलेली ट्रिप. त्यातून 'पूरबी'तल्या कविता निघाल्या, आणि तो संग्रह त्यांनी 'विजया'ला, म्हणजे व्हिक्टोरियाला अर्पण केला. निघताना ओकांपोबाईंनी ती आरामखुर्चीही बरोबर दिली; केबिनच्या दारातून जाईना, तर दार काढायला लावलं. आज ती शांतिनिकेतनात आहे. आपण फ्रिजवर चिकटवायचे अकरा मॅग्नेट आणतो आणि तेही चीनमध्ये बनलेले.

ग्रुप टूरला नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. पण सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, इंग्रजीही बेताचीच असलेल्या बाईला टिटिकाकाच्या काठावर उभं करण्याचं काम या टूर कंपन्यांनीच केलंय. मुलं अमेरिकेत आहेत, ती काही नेत नाहीत. तेव्हा दोष टूरचा नाही, आपल्या हिशेबाचा आहे. आपण विचारतो, 'किती देश?' आणि कंपनी बिचारी आकडा वाढवत नेते. पेरू, बोलिव्हिया, चिले, अर्जेंटिना, ब्राझील. रिओमध्ये येशूसारखे हात पसरून फोटो काढला की खंड संपला.

म्हणून माहितीपत्रक घेताना तीनच प्रश्न विचारा. उंचावरची पहिली रात्र कुठे आहे? दुपारी काहीही न करण्याची सोय किती वेळा आहे? आणि स्थानिक जेवण किती? उत्तरं समाधानकारक नसतील तर पाचांतले दोन देश कापायला सांगा. पैसे हवं तर तेवढेच द्या. कंपनीही खूश, तुमची फुप्फुसंही खूश.