निळ्या टोपीवाल्यांपासून सुटका झाल्याबद्दल

रा. रा. अमेरिकी बंदूकधारक बंधू यांस,


आपल्या कपाटातली रायफल सुखरूप आहे हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. २६ एप्रिल २०१९ रोजी इंडियानापोलिसला, नॅशनल रायफल असोसिएशनच्या अधिवेशनात, ट्रम्पसाहेबांनी भर मंचावर सही ठोकली, पेन गर्दीत भिरकावलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रव्यापार करारातून अमेरिकेला सोडवलं. तेही ती अडकलेली नसताना! तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी २०१३ च्या सप्टेंबरात सही केली होती खरी. पण सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय आपल्याकडे करार लागू होत नाही, आणि सिनेटने तर त्याआधी सहा महिने ५३ विरुद्ध ४६ मतांनी नाक मुरडून ठेवलं होतं. लग्न लागलंच नव्हतं, पण काडीमोडाचा बार मात्र दणक्यात उडाला.

करार आहे सीमा ओलांडणाऱ्या शस्त्रांचा: रणगाडे, लढाऊ विमानं, क्षेपणास्त्रं आणि हो, बंदुकाही. आपल्या हद्दीतल्या शस्त्रांचं काय करायचं हा ज्या त्या देशाचा हक्क, असं प्रस्तावनेतच आहे. प्रस्तावना नुसती शोभेची, म्हणाल. बरं, बाराव्या कलमात बोट ठेवायला जागा आहे. शस्त्र शेवटी कुणाच्या हाती गेलं याची जमेल तिथे नोंद करा, नोंदी निदान दहा वर्षं जपा, असं ते सांगतं. म्हणजे आज यादी आणि उद्या दारात संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकाची निळी टोपी! पण ही नोंदवही आपल्याच सरकारच्या कपाटात राहणार. आणि बंदूक घेताना दुकानाच्या काउंटरवर आपण जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरता, नाव, पत्ता, अगदी उंची-वजनासकट, तो दुकानदाराने वीस वर्षं जपायचा, असा नियम तेव्हा आपल्याच देशात होता. त्या वीस वर्षांत झोप लागली, मग दहाने का उडाली?

सुटलं कोण, तेही बघा. जनसंहारासाठी वापर होणार हे ठाऊक असताना शस्त्रं विकायला सहावं कलम मनाई करतं. जगात सर्वाधिक शस्त्रं विकणारा देश आपलाच. आपल्या रायफलीआड बरेच मोठे व्यापारी लपले होते, बंधू.

आमचा भारतही या करारावरच्या संयुक्त राष्ट्रांतल्या २०१३ च्या मतदानात तटस्थ राहिला. तक्रार होती ती निर्यातदारांना दिलेल्या झुकत्या मापाची आणि दहशतवाद्यांबाबतच्या ढिलाईची. घरातल्या बंदुकीची नव्हे. ती इथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावरच मिळते.

करार अवघ्या २८ कलमांचा आहे. एकदा वाचावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक परवानाविहीन हितचिंतक