कोलेन्सोसाहेबांचं ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? ते नाताळचे बिशप कोलेन्सो हो! 1853 साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला बिशप नेमले ना, तेच. केंब्रिजचे सेकंड रँग्लर, अंकगणिताची पुस्तकं लिहिलेले. असल्या माणसाला बायबल शिकवायला धाडायचं म्हणजे... जाऊ दे.

तिथं काय, बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या आधीच्या दोन-तीन बायका असल्या तर राहू देत म्हणाले. टाकलेल्या बायकांनी जायचं कुठं? मला तर पटलं बाई. पण तिकडे मडमांनी नाकं मुरडली असणारच.

तर काय सांगत होते... हां, तो विल्यम न्गिदी! बायबलच्या झुलू भाषांतराला मदतीला बसायचा. नोहाच्या तारवाशी आले, तर हा सरळ विचारतो, हे सगळं खरंच घडलं का? दुसरा साहेब डाफरला असता. हे हिशेबालाच बसले! 1862 ला पुस्तक काढलं. त्यात काय, तर बायबलप्रमाणे बाळंतिणीनं कबूतर वाहायचं आणि ते याजकानं खायचं. वाळवंटात इस्रायली माणसं वीस लाख, याजक अवघे तीन. म्हणजे एकेकानं रोज 88 कबुतरं खायची! केपटाउनच्या बिशप ग्रेंचा चेहरा डोळ्यांपुढे आणा फक्त.

मग काय, ग्रेंनी 1863 ला खटला चालवला, पदावरून काढलं. लंडनचं वरचं कोर्ट, प्रिव्ही कौन्सिल, म्हणालं, ग्रेंना तो अधिकारच नाही! तर ग्रेंनी वाळीत टाकलं. 1867 ला लंडनच्या लॅम्बेथला 76 बिशप जमले, यांना बोलावणंच नाही. वर 1869 ला मॅक्रॉरींना बिशप करून यांच्याच गावी, पीटरमॅरिट्सबर्गला पाठवलं. एका ओट्यावर दोन सुना!

पण खरी गंमत... गंमत कसली म्हणा. इतके दिवस तिथले बरेच गोरे कोलेन्सोंच्या बाजूचे होते बरं का. 1873 ला हलुबी लोकांचे राजे लांगालिबालेले यांना बंदुकांच्या नोंदणीवरून धरलं. ज्यांनी धरून आणलं तेच न्यायाला बसले, धड वकीलही देईनात. आणि त्यात तिथल्या आफ्रिकनांचा कारभार पाहणारे शेपस्टनसाहेब, बिशपांचे अगदी जिवाभावाचे! बिशपनी तोंडावर सांगितलं, हा अन्याय आहे. झालं, मैत्री तुटली ती तुटलीच. बायबलवर बोलले तेव्हा सोबत असणारे आता पाठ फिरवून बसले. हे मात्र 1874 ला गाऱ्हाणं घेऊन थेट लंडनला. गव्हर्नर पाइनना परत बोलावलं की हो! लांगालिबालेले तरी कैदेतच राहिले...

झुलू लोक बिशपांना 'सोबांतू' म्हणायचे, म्हणजे माणसांचा बाप. 1883 ला वारले, तर त्यांच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये वेदीसमोरच पुरलं, वाळीत टाकलेल्याला! आणि थोरली लेक हॅरिएट? अगदी बापाच्या वळणावर गेली. पुढे झुलू राजे दिनुझुलूंवर राजद्रोहाचा खटला भरला, तर ही बाई बचावाचे कागद घेऊन हजर. शेपस्टनच्या माणसांना वाटलं असेल, म्हातारा गेला, सुटलो!